गोलकीपरपदाचे निकष

पाणी विभागाच्या हेडक्लार्कांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत फुटबॉलला एकदाच पाय लावला होता, आणि तोही चुकून. ऑफिसच्या जिन्यात कुणीतरी बॉल ठेवला होता, त्यावरून घसरून ते चार पायऱ्या बसत बसत खाली आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ‘जिन्यात गोल वस्तू ठेवण्यास मनाई करण्याबाबत’ असं परिपत्रक काढलं आणि विषय संपवला. निदान त्यांना तसं वाटलं होतं.

हेडक्लार्क म्हणजे कसे, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला मध्ये अडवायला नको. ऑफिसात त्यांना त्यांच्या माघारी ‘त्रुटीसाहेब’ म्हणत. समोर आलेल्या कागदात त्रुटी निघाली नाही असं कधी झालं नाही. त्यांची स्वतःची मुलगी कॉलेजच्या खेळांचा फॉर्म सहीला घेऊन आली, तर तिलाही त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं; एकदा फोटो डकवला नव्हता म्हणून, आणि एकदा डकवलेला फोटो तिरपा होता म्हणून. फाईल त्यांच्या टेबलावर आली की सरासरी सतरा दिवस मुक्काम करायची. पण त्यांनी लिहिलेला मसुदा वरून दुरुस्त होऊन परत आला, असं मात्र एकतीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. आणि त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं. ही खिडकी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी ती. बाहेर एक मोठं झाड, झाडापलीकडे मैदान, आणि दुपारी तीननंतर झुळूक. दोन बदल्या आणि एक निवृत्ती होईपर्यंत वाट बघून, बारा वर्षांनी हेडक्लार्क त्या खिडकीपर्यंत सरकले होते. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ती तीन वर्षं त्या झुळुकीत काढायची आणि मग हार घालून घ्यायचा, एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी होती. फार नाही हो मागितलं माणसानं.

तर त्या वर्षी इमारतीच्या भिंतीला तडा गेला. दुरुस्तीला तीन वर्षं लागणार, आणि तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन विभागांपैकी एकानं तळघरात जायचं, असं ठरलं. एक पाणी विभाग, दुसरा रस्ते विभाग. कोणी जायचं यावर अकरा बैठका झाल्या. बाराव्या बैठकीत दोन्ही विभागांचे साहेब इतके वैतागले की यंदाची विभागांची फुटबॉल मॅच जो जिंकेल तो वर राहील आणि हरेल तो खाली जाईल, असं म्हणून बसले. ते म्हणाले रागात, पण शिपायानं ते इतिवृत्तात लिहून टाकलं. लिहिलेलं खोडायला तेरावी बैठक घ्यावी लागली असती, आणि तेवढी ताकद कुणातच उरली नव्हती.

आता घोडं अडलं ते गोलकीपरपाशी. मागल्या वर्षी पाणी विभागाच्या गोलमध्ये साहेबांचा मेहुणा उभा होता. त्यानं नऊ गोल खाल्ले, शिवाय एक बॉल चुकून स्वतःच आत ढकलला. कुणीतरी मुख्य कार्यालयाकडे निनावी तक्रार केली, आणि तिकडून पत्र आलं की यापुढे गोलकीपरची निवड लेखी निकषांनुसारच व्हावी. खरं तर विभागात एक मीटरवाला होता. घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचायचा. सव्वासहा फूट उंच, गेटावरून उडी मारून आत जाणारा आणि मागे कुत्रं लागलं की त्याच उडीनं बाहेर येणारा. तोच गोलकीपर होणार हे झाडावरच्या कावळ्यालाही ठाऊक होतं. निकष नावापुरते लिहायचे होते. साहेबांनी हेडक्लार्कांना बोलावून सांगितलं, चार ओळी खरडा आणि मोकळे व्हा.

पण चार ओळी खरडणं हे हेडक्लार्कांच्या रक्तातच नव्हतं. आधुनिक फुटबॉलमध्ये चांगला गोलकीपर कुणाला म्हणावं, याचा त्यांनी रीतसर अभ्यास करायचं ठरवलं.

पहिला सल्ला मिळाला सलूनवाल्याकडून. त्याच्या दुकानात टीव्ही कायम फुटबॉलवर असायचा आणि कात्री टीव्हीच्या तालावर चालायची, म्हणून तिथे माणसं कान सांभाळून बसत. सलूनवाला म्हणाला की जुना जमाना गेला साहेब, गोलात उभं राहून आला बॉल की अडव, हे आता कुणी विचारत नाही. आताच्या गोलकीपरचे हात चालतात हे धरूनच चाललेलं असतं, बघायचे ते त्याचे पाय. आणि तो जागेवर बसून राहत नाही, गरज पडली की पुढे येतो. शिवाय हा प्राणी उशिरा पिकतो, बाकीचे तिशीत संपतात तेव्हा कुठे याला सूर सापडतो. हेडक्लार्कांनी हे सगळं मान न हलवता ऐकलं, कारण मानेवर वस्तरा होता.

दुसरा सल्ला घरी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांचा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जिन्यात गाठून त्यांनी तो आपणहून दिला. त्यांचं म्हणणं, गोलकीपर म्हणजे वर्गातला मास्तर. त्याला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून तोंडानं त्यानं दहा जणांना जागेवर ठेवायचं. आवाज पाहिजे, आवाज! हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की तळमजल्यावरच्या बाई दार उघडून बघून गेल्या.

तिसरा सल्ला बायकोचा. ती कपड्यांच्या घड्या करत होती आणि वर न बघताच बोलली.

“समोरून काही का येईना, ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, असा माणूस बघा. माझ्या ओळखीत आहे एक.”

हेडक्लार्कांनी ‘चेहऱ्यावरची रेघ’ एवढं टिपून घेतलं. तो ओळखीचा कोण, हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्या वेळी मुलगी तिथेच दारात बसून बुटांचा चिखल काढत होती. ती म्हणाली, “बाबा, मी सांगू का?” हेडक्लार्क म्हणाले की बाळ, हे ऑफिसचं काम आहे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

मग आठ दिवस बसून त्यांनी मसुदा केला. काय मसुदा होता! सल्ले मोघम होते, हेडक्लार्कांनी प्रत्येकाला पुरावा जोडला. पाय चांगले हवेत, म्हणजे उमेदवार ऑफिसला रोज पायी येणारा असावा, आणि निवडीपासून मॅच संपेपर्यंत त्यात एका दिवसाचाही खंड पडू नये. पुरावा, वाहनतळाची यादी. उशिरा पिकतो, म्हणजे नोकरी किमान पंचवीस वर्षांची, पुरावा, सेवापुस्तक. गरज पडली की पुढे येतो, म्हणजे ‘आवश्यकता असेल तेव्हाच जागा सोडणारा’. पुरावा, हालचाल नोंदवही. या वहीत जागेवरून उठताना कुठे चाललो आणि कशाला, ते लिहायचं असतं. आवाज तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जावा. चेहरा गंभीर असावा. शेवटी तीन कलमं, जी नसली तर हेडक्लार्कांना मसुदा उघडा वाटायचा: निवड झालेल्याला नकार देता येणार नाही, मॅच संपेपर्यंत निकष बदलता येणार नाहीत, आणि निकषांच्या अर्थाबद्दल वाद झाल्यास हेडक्लार्क यांचा अभिप्राय अंतिम राहील. साहेबांनी न वाचता सही केली, मुख्य कार्यालयानं न वाचता शिक्का मारला. परंपरेप्रमाणे एकही दुरुस्ती आली नाही.

मग छाननी समिती बसली. दोनशे बारा कर्मचाऱ्यांची नावं एका खोलीत, तीन दिवस. पंचवीस वर्षांच्या अटीत एकशे सत्तर गेले, त्यात मीटरवालाही गेला. वाहनतळाच्या यादीत आणखी अडतीस गेले. मीटरवाल्याचं नाव त्याही यादीत होतं, म्हणजे तो दोनदा गेला. चार उरले. मग हालचाल नोंदवही उघडली, आणि समितीला असं आढळलं की एकतीस वर्षांत त्या वहीत फक्त एकाच माणसानं नोंदी केल्या आहेत. सुवाच्य अक्षरात, कारणासकट. सगळ्यांनी माना वळवून हेडक्लार्कांकडे बघितलं. माणूस नियम लिहायला बसतो तेव्हा समोर आरसा असतो, हे हेडक्लार्कांना त्या दिवशी कळलं, पण शिक्का बसल्यावर कळून काय उपयोग.

साहेबांनी निकष बदलायचं म्हटलं. कलम आडवं आलं. हेडक्लार्कांनी नकार द्यायचं म्हटलं. दुसरं कलम आडवं आलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण धोंड्याला आवक क्रमांक देऊन मारून घेणारा हा एकच.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ही बातमी घरी सांगितली. बायको म्हणाली, “बघा, मी म्हटलं नव्हतं, ओळखीत आहे एक?” मुलीला इतकं हसू आलं की पाणी नाकातून आलं. मग हसू आवरून तिनं विचारलं, “बाबा, मी कॉलेजच्या टीममध्ये काय आहे, माहितीये तुला?”

हेडक्लार्कांना माहीत नव्हतं. ती संध्याकाळी चिखलानं भरून येते, गुडघ्याला कायम पट्टी असते, एवढंच त्यांना माहीत होतं. त्याला ते व्यायाम समजत होते.

“गोलकीपर,” ती म्हणाली. “तीन वर्षं झाली. तू फॉर्मवर सही केलीस ना, त्यात लिहिलंय.”

तो फॉर्म त्यांनी दोनदा तपासला होता. फोटोचा कोन मोजला होता. सलूनवाला, हेडमास्तर, सगळ्या गावाला विचारून झालं, आणि गोलकीपर रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होता. त्यांना मनापासून लाज वाटली. ती त्यांनी दाखवली नाही, कारण चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती, पण त्या दिवशी ताट त्यांनी स्वतः उचलून ठेवलं.

हातात दहा दिवस होते. रोज संध्याकाळी घराच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलगी त्यांना शिकवू लागली. दोन खांबांमधली जागा म्हणजे गोल. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की समोरच्याच्या तोंडाकडे बघू नकोस, तोंड खोटं बोलतं. पायाकडे बघ, पाय कधी खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, समोरून एकटा कुणी आला की मागे सरकू नकोस, पुढे ये. तू जितका जवळ, तितका त्याला गोल लहान दिसतो. तिसऱ्या दिवशी, आपल्याच माणसानं पायानं परत दिलेला बॉल हातात घ्यायचा नाही, पायानंच पुढे द्यायचा. हा नियम हेडक्लार्कांना अतिशय आवडला. आपल्याच विभागानं परत पाठवलेल्या कागदाला हात लावायचा नाही, हे ते वर्षानुवर्षं पाळत आले होते.

चौथ्या नियमापाशी मात्र गाडी अडली. मुलगी म्हणाली, बॉल हातात आला की आठ सेकंदांत सोडायचा, नाहीतर समोरच्यांना कॉर्नर जातो.

“आठ सेकंदांत?” हेडक्लार्क म्हणाले. “नीट बघून तरी घ्यायला नको?”

“बघायचं. कोण मोकळा आहे ते बघायचं आणि त्याला देऊन टाकायचं. ठेवून घ्यायचा नाही, बाबा. तो तुझा नसतोच.”

ते काही केल्या जमेना. बॉल हातात आला की हेडक्लार्क तो फिरवून बघत, शिवण तपासत, हवा कमी असल्याचं मुलीच्या निदर्शनाला आणत. वीस वीस सेकंद जात. वरून हेडमास्तर गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि दोघांनाही सूचना देत. चौथ्या संध्याकाळी एक बॉल त्यांच्या गॅलरीत जाऊन त्यांचा चष्मा घेऊन खाली आला, तेव्हापासून ते आत बसून, खिडकी लावून, काचेतून सूचना देऊ लागले. त्या ऐकू येत नसल्यामुळे फार उपयोगी पडल्या.

हातमोज्यांची वेगळीच तऱ्हा झाली. गोलकीपरचे हातमोजे विकत घ्यायचे तर तीन दुकानांची दरपत्रकं लागणार होती, आणि गावात दुकान एकच होतं. म्हणून भांडारपालानं स्टॉकमधले दिले. पाणी शुद्ध करायची औषधं हाताळायला असतात ते, जाड रबराचे, कोपरापर्यंत येणारे, नारिंगी. घालायला पंधरा मिनिटं लागत आणि काढायला दोन माणसं.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी हेडक्लार्क ‘पुढे ये’ हा नियम इतक्या जोरात पाळायला गेले की बॉल, मुलगी आणि खांब यांपैकी त्यांना खांब तेवढा भेटला. डावा घोटा सुजून टम्म झाला. सकाळी पाऊल टेकवेना. तेव्हा मुलीनं त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. हातमोजे वेळेवर चढावेत म्हणून घरूनच घातलेले, त्यामुळे धरायला काही येईना. दोन्ही नारिंगी हात वर करून आपले हेडक्लार्क भर रस्त्यातून मैदानावर पोचले. लोक थांबून बघत होते आणि काहींनी हात हलवून उत्तरही दिलं.

मैदान म्हणजे त्यांच्या खिडकीतून दिसायचं तेच. गोलात उभं राहिल्यावर वर झाडामागे आपली खिडकी त्यांना दिसली. वरून मैदान सुंदर दिसायचं. खालून ते फार मोठं होतं. मुलगी गोलमागे जाऊन उभी राहिली.

मीटरवाला गोलातून सुटल्यामुळे पुढे खेळत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बॉलमागे धावायला मिळालं होतं, आणि मागे कुत्रं लागल्यासारखा तो धावत होता. दहाव्या मिनिटाला त्यानं गोल केला. इकडे हेडक्लार्क सगळ्यांच्या पायांकडे बघत होते आणि मोठ्यानं सूचना देत होते. आवाजाचा निकष मात्र अचूक लिहिला गेला होता. रस्ते विभागाचे दोन खेळाडूसुद्धा त्यांचं ऐकून जागा बदलत होते. विसाव्या मिनिटाला एक बॉल सरळ त्यांच्या पोटात आला आणि त्यांनी तो मिठीत धरला. टाळ्या झाल्या. हेडक्लार्कांनी बॉल फिरवून बघितला. तेवढ्यात रेफरीनं हात वर करून पाच बोटं दाखवली. सेकंद मोजायची ती त्याची रीत होती, पण माणूस हात दाखवतोय म्हटल्यावर हेडक्लार्कांनी सभ्यपणे आपलाही नारिंगी हात वर केला. शिट्टी वाजली, कॉर्नर गेला, आणि कॉर्नरवरून गोल झाला. एकास एक. मुलीनं कपाळाला हात लावला. साहेब उन्हात उभे होते, ते सावलीत जाऊन बसले.

दुसऱ्या हाफमध्ये कुणाचंच काही होईना. मॅच संपायला दोन मिनिटं असताना रस्ते विभागाचा एक पोरगेलासा इंजिनिअर बॉल घेऊन एकटाच सुटला. मध्ये कुणी नाही. हेडक्लार्कांचा घोटा ठणकत होता, सगळं अंग सांगत होतं की मागे सरक, जागेवर बस. ते पुढे आले. लंगडत, पण आले. इंजिनिअर डोळ्यांनी डावीकडे बघत होता, पाय उजवीकडे वळला, आणि हेडक्लार्क पायाच्या बाजूला पडले. बॉल त्यांच्या नाकावर आपटून छातीवर आला आणि नारिंगी हातांनी तो दाबला. कसेबसे ते उठून उभे राहिले. बॉल हातात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी वस्तू तपासायची एवढी अनावर इच्छा झाली असेल. एक, दोन, तीन.

“बाबा, दे,” मागून मुलगी म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली.

त्यांनी वर बघितलं. डावीकडे लांब मीटरवाला मोकळा उभा होता. हेडक्लार्कांनी बॉल फेकला. तपासला नाही, शेरा मारला नाही, फेकला. मीटरवाल्यानं तो घेतला, दोघांना चुकवलं आणि गोलात घातला. पुढच्या मिनिटाला शिट्टी झाली. पाणी विभाग जिंकला. लोकांनी हेडक्लार्कांना उचललं, ते बरंच जड असल्यामुळे लगेच खाली ठेवलं, आणि पुन्हा उचललं. मुलीनं त्यांच्या नाकाला रुमाल लावला आणि त्यांना घट्ट धरून उभी राहिली. हेडक्लार्कांच्या चेहऱ्यावरची रेघ त्या दिवशी हलली, हे बायकोनं स्वतः पाहिलं आणि मला सांगितलं.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं. पण सोमवारी टेबलावर एक फाईल आली. रस्ते विभागाच्या हेडक्लार्कांचा आक्षेप. हे गृहस्थ वीस वर्षं भिंतीपलीकडे बसून आपल्या हेडक्लार्कांच्या परिपत्रकांत त्रुटी शोधत होते आणि एकदाही त्यांना यश आलं नव्हतं. आज आलं होतं. निकषाप्रमाणे गोलकीपर मॅच संपेपर्यंत रोज पायी यायला हवा, एका दिवसाचाही खंड चालत नाही. मॅचचा दिवस परिपत्रकानं कामाचा दिवस ठरवला होता, आणि ते परिपत्रक कुणाचं, ते वेगळं सांगायला नको. सोबत फोटो जोडला होता. स्कूटर, पुढे मुलगी, मागे दोन नारिंगी हात आकाशात. गोलकीपर अपात्र, म्हणून सामना रस्ते विभागाला द्यावा. वादाचा अर्थ लावायचा अधिकार शेवटच्या कलमानुसार पाणी विभागाच्या हेडक्लार्कांचा, म्हणून फाईल त्यांच्याकडेच अभिप्रायासाठी आली होती. हेडक्लार्कांनी तो आक्षेप तीनदा वाचला. एकही त्रुटी नव्हती. फोटोसुद्धा सरळ डकवला होता.

साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी आले. असं कधी घडत नसे. खिडकीतून बाहेर बघत हळू आवाजात म्हणाले, “विभाग हलायला पंधरा दिवस आहेत. एकदा रस्तेवाले खाली गेले की पुन्हा वर कोण आणतो त्यांना. तुमच्याकडे आलेली फाईल सतरा दिवस राहते, हे सगळ्यांना माहितीये. कुणी काही म्हणणार नाही.”

खोटंही करायला नको होतं बघा, नेहमीसारखं वागायचं होतं फक्त. साहेब गेले. सगळी खोली कागदांवर माना घालून त्यांच्याकडे बघत होती. तीन वाजून गेले होते आणि झुळूक सुरू झाली होती. हेडक्लार्कांनी झाडाकडे बघितलं, मैदानाकडे बघितलं. बारा वर्षं या खिडकीसाठी थांबलो, आता तीनच राहिली, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं. फाईल त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवायला घेतली. ती हातात होती, आणि का कोण जाणे, ते मोजायला लागले. एक, दोन, तीन. तो तुझा नसतोच, बाबा. चार, पाच. सहाव्या सेकंदाला त्यांनी फाईल परत टेबलावर ठेवून लिहिलं: ‘आक्षेप ग्राह्य. वाहनाचा वापर छायाचित्रात स्पष्ट दिसतो.’ खाली सही केली आणि आठच्या आत शिपायाच्या हातात दिली. शिपायाला आधी कळेचना, कारण त्या टेबलावरून आल्या दिवशी काही उचलायची त्याला सवय नव्हती.

चार दिवस त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. साहेब तर जिन्यात दिसले की भिंतीच्या तड्याचं निरीक्षण करत. पंधराव्या दिवशी पाणी विभाग तळघरात गेला. हेडक्लार्कांचं टेबल खाली न्यायला मीटरवाला आला. टेबल डोक्यावर घेऊन जिना उतरताना म्हणाला, “साहेब, तो बॉल मात्र झकास दिलात.” मीटरवाल्याचा रजेचा अर्ज, जो बरेच दिवस पडून होता, तो दुपारी मंजूर झाला.

तळघरात झुळूक नाही. ट्यूबलाईट सकाळपासून लागतात. हेडक्लार्कांच्या टेबलाच्या वर, पार छताजवळ, एक हातभर जाळीची फट आहे, आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. पहिले दोन दिवस हेडक्लार्कांनी तिकडे बघितलंच नाही. मग बघायला लागले. पाय खोटं बोलत नाहीत. तक्रार घेऊन येणारे पाय आधी थांबतात, मग वळतात, हे त्यांना कळायला लागलं. माणूस खाली उतरेपर्यंत त्याचा फॉर्म त्यांनी काढून ठेवलेला असतो. लोक चकित होतात.

परवा शनिवारी चारच्या सुमाराला त्या फटीत खिळ्यांचे बूट आले. चिखल वाळलेला, डाव्या बुटाची नाडी सुटलेली. बूट थांबले आणि त्यातल्या एकानं जाळीवर दोनदा टकटक केलं. कॉलेजची मॅच साडेचारला होती. बाप पहिल्यांदाच बघायला येणार होता.

हेडक्लार्कांनी पेनाला टोपण लावता लावता पुन्हा काढलं, हालचाल नोंदवही पुढे ओढली, आणि सुवाच्य अक्षरात नोंद केली: ‘जागा सोडली. कारण: आवश्यकता.’